बार्नाडेरीची तिकीट खिडकी

हे खरं आहे.

असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं, त्या माणसाने आयुष्यभर हातात टेप आणि ओळंबा घेऊन जुन्या इमारती तपासल्या. भिंत कशाने ओली राहते, तुळई का कुजते, जमिनीच्या फळ्या आपोआप का वाजतात, याचं कारण शोधणं हाच त्याचा धंदा. "घरात काहीतरी आहे हो" म्हणत लोक त्याला बोलवायचे. तो जायचा आणि उंदराचं बीळ नाहीतर फुटका पाइप दाखवून परत यायचा.

त्याचं नाव लॉर्कन टिमोनी. माझ्या बायकोचा मामा. इकडे आयर्लंडमध्ये मामालाही नावानेच हाक मारतात, म्हणून मीही लॉर्कनच म्हणतो.

त्याने मला हे एकदाच सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

जागा बार्नाडेरी. डोनेगलमध्ये, अगदी समुद्राच्या बाजूला. दिवस नोव्हेंबरअखेरचे. वेळ संध्याकाळची... त्या दिवसांत आमच्याकडे चहा गार व्हायच्या आत अंधार पडतो.

बार्नाडेरी म्हणजे एक जुनं रेल्वे स्टेशन. आता तिथे गाडी येत नाही. आमच्या आज्यांच्या तरुणपणीच ती बंद झाली. रूळ उखडून भंगारात विकले. फलाटासमोर जिथे रूळ होते तिथे गवत वाढलं. इमारत मात्र राहिली. कापीव दगडाची, वर निळसर स्लेटचं छप्पर. माडीवर स्टेशनमास्तरचं घर, खाली त्याचं ऑफिस आणि शेजारी वेटिंग रूम. जुनी वास्तू म्हणून सरकारने ती पाडायला बंदी केली होती, आणि विकत घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं.

लॉर्कनने घेतली.

का घेतली, ते सांगायला हवं.

लॉर्कन आणि युनाला एकच मुलगी होती. कीलिन. नर्स झाली आणि इथल्या अर्ध्या पोरांसारखी ऑस्ट्रेलियाला गेली. दोन वर्षांत परत येते म्हणाली होती. तिकडे एका पहाटे ड्युटीवरून घरी येताना तिच्या गाडीला अपघात झाला.

कीलिन वारली.

त्यानंतर डब्लिनच्या घरात दोघांना राहवेना. प्रत्येक जिन्यावर ती होती. लॉर्कनने बार्नाडेरी बघितलं आणि युनाला म्हणाला, "तिथे तिचं काहीच नाही. तिथे जाऊ."

युना म्हणाली, "चल."

बास. याहून जास्त ते दोघं त्या विषयावर बोललेच नाहीत. लॉर्कन चुन्यात आणि दगडात बुडाला. युना शाळेत आयरिश शिकवायची, ती नोकरी सोडून दिवसभर खिडक्यांचा जुना रंग खरवडत बसायची. दोघांच्याही तोंडून "कीलिन" हे नाव निघत नव्हतं. तिच्या थडग्यावरच्या दगडाची ऑर्डर देतानाही लॉर्कन "ते दगडाचं काम" एवढंच म्हणाला होता.

टेकडीवर हॅना नावाची म्हातारी राहायची. कोंबड्या पाळायची. शनिवारी अंडी घेऊन यायची, आणि अंड्यांबरोबर टोमणे.

"काय रे लॉर्कन, झालं का छप्पर?"

"होतंय, हॅना."

"एवढ्या वेळात देवाने अख्खं जग केलं, आणि वर एक दिवस झोपासुद्धा काढल्या."

"देवाला कौन्सिलची परवानगी लागली नव्हती."

"आणि त्याला इतकी गुणी बायकोही नव्हती! युना, पोरी, तू ह्याला चहा देणं बंद कर. बघ कसं भराभर काम होतं ते."

युना हसायची. हॅना आली की तेवढीच.

त्या नोव्हेंबरात लॉर्कनने तिकीट खिडकीचं काम काढलं. ऑफिस आणि वेटिंग रूमच्या मधल्या भिंतीत ती होती. पण तिच्यावर जाड फळ्या ठोकलेल्या होत्या. ऑफिसच्या बाजूने. आतून.

त्याला आश्चर्य वाटलं. स्टेशन बंद झाल्यावर कोणी ठोकल्या म्हणावं, तर खिळे फार जुने होते. आणि खिळे जरुरीपेक्षा खूप जास्त होते. एकावर एक. वाकडेतिकडे. जणू ठोकणाऱ्याला कितीही ठोकले तरी पुरे वाटत नव्हते...

त्याने एकेक खिळा उपटला. मागे लाकडी झडप निघाली, वर सरकणारी. तिला साबण चोळला, दोरी नवीन घातली. बोटाने उचलली तरी वर जाऊ लागली. लॉर्कन खूश झाला. बऱ्याच दिवसांनी.

शनिवारी हॅना आली. वेटिंग रूमच्या दारातच थबकली.

"ही कुणी उघडली?"

"मीच. सुंदर आहे ना?"

हॅनाने अंडी उंबरठ्यावर ठेवली. आत आली नाही. टोमणाही मारला नाही.

"गार वारा येतो त्यातून," एवढं म्हणाली आणि गेली.

त्याच संध्याकाळी...

लॉर्कन ऑफिसमध्ये ब्रश धूत होता. युना वर होती. बाहेर अंधारून आलं होतं. वारा पडला होता. समुद्राचाही आवाज नव्हता.

रस्त्याकडून पावलं आली.

धावत.

खडीवर चप्पल-बूट वाजतात तशी. करकर... करकर... करकर...

लॉर्कनचा हात थांबला. स्टेशनसमोर खडी नव्हतीच. खडी होती त्या जागी त्याने स्वतः गवत लावलं होतं.

पावलं दाराशी आली. वेटिंग रूमचं दार बंद होतं, कडी लावलेली होती. ते उघडलं नाही.

पण पावलं आत आली.

आता ती लाकडी फळ्यांवर वाजत होती. जड, ओली. तिकीट खिडकीपर्यंत आली आणि थांबली.

मग श्वास ऐकू आला. लांबून धावत आलेल्या माणसाचा. छाती फुटेल असा.

झडप अर्धी उघडी होती. लॉर्कनने वाकून पलीकडे बघितलं.

कोणी नव्हतं.

फक्त वास होता. ओल्या लोकरीचा, आणि चुलीतल्या टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या जळणाच्या, धुराचा. त्या घरात अजून एकदाही टर्फ पेटवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने जमिनीच्या फळ्यांखाली हात घालून बघितलं. पन्हळी तपासल्या. धुराड्यात टॉर्च मारला. सवयच ती. काही सापडलं नाही. युनाला काही बोलला नाही.

संध्याकाळी पुन्हा पावलं.

या वेळी आवाजही आला. बाईचा. धापा टाकत काहीतरी विचारत होती. आयरिशमध्ये. लॉर्कनचं आयरिश शाळेपुरतं, तेही विसरलेलं.

मागून युना म्हणाली, "ती विचारतेय, गेली का."

लॉर्कन दचकून वळला. युना ऑफिसच्या दारात उभी होती. पांढरीफटक.

"तुला ऐकू आलं?"

"कालही आलं होतं."

"कोण गेली का?"

"तेवढंच विचारते. 'गेली का ती?' गाडीही असेल... नाहीतर..."

आयरिशमध्येही आपल्यासारखंच आहे. गाडी गेली, मुलगी गेली, जीव गेला... शब्द तोच.

पलीकडे श्वास थांबला. जणू कोणी उत्तराची वाट बघत होतं. मग एक हुंदका. आणि पावलं परत गेली. हळूहळू. आलेली धावत, जाताना मात्र पाय ओढत.

लॉर्कन सरळ हॅनाच्या घरी गेला. तिने त्याला चुलीपाशी बसवलं.

"कोण आहे ती, हॅना?"

"नाव विचारू नकोस. नाव कुणाचं घेणार? त्या काळी इथल्या प्रत्येक घरातून एक तरी पोरगी त्या गाडीने गेली. डेरीच्या बंदराला, आणि तिथून जहाजाने अमेरिकेला. गेलेली परत आलेली कुणी बघितली नाही. आदल्या रात्री घरात जागरण असायचं. गाणी, नाच, रडारड. मेलेल्या माणसाचं करतात ना, अगदी तसंच. जिवंत पोरीचं."

"आणि ही?"

"हिचं घर लांब, डोंगरापलीकडे. घरात आजारी नवरा होता म्हणतात. त्याचं बघेस्तोवर पोरगी पुढे निघाली. ही मागून पळत आली. नाही पोचली. खिडकीवर विचारलं, गेली का. मास्तर म्हणाला, गेली, बाई." हॅनाने चुलीत टर्फ सारला. "दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या हिवाळ्यातच ती मेली म्हणे."

"मग?"

"मग काय? तरी येत राहिली. मास्तर वाईट नव्हता रे. दर वेळी खरं तेच सांगायचा. ती रडत जायची, परत यायची. शेवटी त्याच्याच्याने सांगवेना. खिडकी ठोकली आणि तिकिटं फलाटावर उभं राहून विकायला लागला. पावसात."

लॉर्कन घरी आला. फळ्या आणि हातोडी घेतली.

युना खिडकीसमोर उभी राहिली.

"हात नको लावूस."

"युना, हे आपल्याला झेपणारं नाही."

"मी कुणाच्या तोंडावर खिडकी लावू देणार नाही."

तेव्हा लॉर्कनला ते आठवलं. खरं तर विसरलाच कधी होता! पर्थचं हॉस्पिटल. एक अख्खा दिवस विमानात काढून दोघं थेट तिथे पोचली होती. समोर काचेची खिडकी. युनाने कीलिनचं नाव सांगितलं. पलीकडच्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं, चेहरा पडला, आणि "एक मिनिट हं" म्हणून तिने काच सरकवून बंद केली. आत ती फोनवर बोलत होती. ही दोघं बाहेर उभी. हातात बॅगा.

ती काच बंद झाली तेव्हाच त्यांना कळलं होतं.

लॉर्कनने हातोडी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी युना स्वतः खिडकीच्या आत बसली. स्टेशनमास्तर बसायचा तिथे. लॉर्कन मागे उभा.

पावलं आली. धावत. फळ्यांवर. थांबली.

श्वास...

"गेली का ती?"

युनाने झडप पूर्ण वर केली. आणि आयरिशमध्ये, वर्गातल्या घाबरलेल्या पोराशी बोलावं तसं म्हणाली, "नाही हो, बाई. अजून नाही गेली. वेळ आहे. या, बसा तुम्ही."

काहीच आवाज नाही.

मग पावलं वळली. सावकाश. कोपऱ्यातला लाकडी बाक करकरला... कोणीतरी टेकलं होतं.

आणि एक सुस्कारा ऐकू आला. लॉर्कन म्हणतो, इतक्या सुखाचा सुस्कारा त्याने जिवंत माणसाकडूनही कधी ऐकला नाही.

त्यानंतर धावणारी पावलं बंद झाली.

ती आता जात नव्हती ना. बसून होती.

पहिले काही दिवस लॉर्कनला वाटलं, झालं ते बरंच झालं. युना बदलली होती. वेटिंग रूममध्ये तिने फायरप्लेस पेटवली. संध्याकाळी चहाची किटली आणि लोणी लावलेला सोडा ब्रेड घेऊन ती तिथे जाऊन बसायची. भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा. आयरिशमध्ये गप्पा. मध्येच हसणं. आणि एकदा, स्पष्ट, "कीलिन" हे नाव.

लॉर्कन शिडीवर उभा होता. त्याचे डोळे भरून आले. शेवटी बोलली तरी.

पण मग युना जेवायला वर यायची बंद झाली.

मग झोपायलाही.

एक दिवस त्याने बघितलं, कीलिनचा निळा कोट बाहेर काढलेला. डब्लिनहून येताना तो आणलाय हे त्याला ठाऊकही नव्हतं. युना त्याच्या बाहीवरून हात फिरवत होती.

"हा कशाला काढलास?"

"फलाटावर गार लागेल तिला," युना म्हणाली. अगदी साधेपणाने. "सूटकेसमध्ये जाड काही भरलं नसेल. तिला कळतं कुठे?"

लॉर्कन तसाच बाहेर पडला.

त्याने हॅनाला बोलावून आणलं. हॅना दारापर्यंत आली. आत डोकावली, छातीवर क्रूसाची खूण केली.

"हिने काय सांगितलं तिला?"

"अजून गेली नाही म्हणून."

"अरे देवा." हॅना खाली बसली. "आता दोघी थांबल्या."

दुसऱ्या संध्याकाळी अंधार पडायला लागला तसा लॉर्कन ऑफिसमध्ये गेला. खिडकीपाशी उभा राहिला. भिंतीपलीकडे कुजबुज चालू होती. युनाचा आवाज. आणि दुसरा... खालचा, खरखरीत. दोघी हसल्या. गाडीची वेळ झाली की बायका हसतात तशा. उतावीळ.

त्याने झडप वर सरकवली.

कुजबुज थांबली.

समोर वेटिंग रूम. फायरप्लेसमध्ये टर्फ लाल झालेला. बाकावर युना, मांडीवर निळा कोट. तिची नजर फलाटाकडच्या दारावर. शेजारी कोणी नव्हतं.

पण युना बाकाच्या मध्ये बसली नव्हती. कडेला सरकून बसली होती... कोणाला तरी जागा देऊन.

"युना, वर चल."

"श्श. येईलच आता."

"कोण येईल?"

"तू जा ना. आम्ही आहोत इथे."

लॉर्कन म्हणतो, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो कीलिनच्या जन्मानंतर त्याने बघितला नव्हता. तो आनंद आपल्या हाताने पुसायचा. आणि जे शब्द त्याने आजवर कधी तोंडातून काढले नव्हते, ते काढायचे.

त्याने खिडकीच्या कडा घट्ट धरल्या. आयरिशमध्ये बोलला, शाळेतलं मोडकंतोडकं आठवून. म्हणजे दोघींनाही कळेल.

"गेली. ती गेली, बाई. कधीच गेली. आता येणार नाही."

फायरप्लेसमध्ये टर्फ खाली ढासळला.

मग रडणं सुरू झालं. आधी बाकाच्या रिकाम्या बाजूने... अगदी खालून, घुमत, वाढत. मग युनाचं. दोन बायका ऊर फुटून रडत होत्या. दिसत एकच होती.

लॉर्कन धावत पलीकडे गेला. युनाला मिठीत घेतलं. पर्थमध्ये ती रडली नव्हती. दफनाच्या वेळी रडली नव्हती. आता तिला आवरणं कठीण होतं. "कीलिन, कीलिन," म्हणत होती. तोही म्हणत होता. दोघांनी पहिल्यांदाच ते नाव एकत्र घेतलं.

आणि तेव्हा...

फलाटाच्या बाजूने हाक आली.

"आई?"

एकदाच.

तरुण पोरीचा आवाज. दुःखी नव्हता, घाबरलेला नव्हता. गाडीतून उतरलेली पोरगी हातातली बॅग खाली ठेवते, इकडेतिकडे बघते आणि हाक मारते ना... तसा.

मिठीत युनाचं रडणं एका क्षणात थांबलं.

बाकावरचंही थांबलं.

लॉर्कनने दार ढकललं. फलाटावर गेला. गवत होतं. धुकं होतं. कोणी नव्हतं.

तो परत आला तेव्हा बाक रिकामा होता. युनाच्या शेजारची तेवढी जागा ओली होती, पावसात भिजलेलं माणूस उठून गेल्यासारखी. युना दाराकडे बघत उभी होती. कोट खाली पडला होता.

त्या दिवसानंतर बार्नाडेरीत काहीही झालेलं नाही. खिडकी उघडीच आहे. पावलं येत नाहीत.

युना बरी आहे. वर झोपते. हॅनाबरोबर बाजारात जाते. कीलिनबद्दल बोलते, थडग्यावर फुलं ठेवते. सगळे म्हणतात, लॉर्कनने योग्य तेच केलं. मलाही तसंच वाटायचं. गेल्या वर्षी मी तिथे गेलो होतो, तेव्हा त्याला तसं म्हणालोही.

तो फलाटावर उभा होता.

मग म्हणाला, "आयरिशमध्ये आणि इथल्या इंग्रजीत आईला हाक एकच, रे. त्यामुळे ती कुणाची पोरगी होती, मला कळलं नाही."

पूर्वी रूळ होते तिकडे तो बघत राहिला.

"मी खरंच सांगितलं ना? गेलीच होती ना ती?"

"हो, लॉर्कन."

"मग हाक कुणी मारली?"

मी उघड्या दारातून आतल्या बाकाकडे बघितलं.

"त्या दोघी बसून होत्या," तो म्हणाला. "मजेत होत्या. त्यांना काही घाई नव्हती. मीच... थोडा अजून थांबलो असतो तर?"

आतून युनाने चहाला हाक मारली. लॉर्कन जागचा हलला नाही.

"तिनेही ऐकली ती हाक," तो हळूच म्हणाला. "माझ्या मिठीत होती ती, मला कळलं. पण त्याबद्दल ती एक अक्षर बोललेली नाही. आजपर्यंत नाही. रोज मला चहा देते, माझ्याकडे बघून हसते... आणि बोलत नाही."